पोथीलेखनाची विद्या

विद्यार्थिमित्रहो, तुमचें क्रमिक पुस्तक हरवलें तर दुकानांत तसेंच दुसरें मिळतें. छापखाने नव्हते त्या काळीं अशी सोय नव्हती. एक ग्रंथ म्हणजे कोणा लेखकाचे कित्येक महिन्यांचे श्रम; तो गेला कीं पुष्कळदां त्यांतील विद्याही जाई. म्हणून पोथी कशी तयार होत असे, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

दौलताबाद, जुन्नर येथें हातकागद होत असे. त्यास खळ लावून गुळगुळीत दगडानें घोटीत, म्हणजे शाई फुटत नसे. दिव्याचें काजळ व बाभळीचा डिंक खलून शाई करीत. बोरूचें टोंक तिरपें छाटीत. त्यामुळेंच देवनागरी अक्षरास जाड व बारीक अशा दोन्ही रेघा येतात. चूक झाल्यास तिजवर हरताळ नांवाचें पिवळें द्रव्य लावून पुन्हां लिहीत. 'हरताळ फासणें' हा वाक्प्रचार तेथूनच आला. युरोपांतील मठांत साधु कमावलेल्या कातड्यावर हंसाच्या पिसानें लिहीत. साधनें निराळीं, दक्षता तीच.

'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. अक्षर वाटोळें व मोकळें असावें, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच लेखणीचें वाटावें, असें समर्थ सांगतात. चोहोंकडे कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडत नाहीं. तरुणपणीं फार बारीक लिहूं नये, कारण म्हातारपणीं तें वाचवत नाहीं. किती व्यवहारी उपदेश हा!

इतकी काळजी कां? आपल्या विदर्भांतीलच उदाहरण पाहा. अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपूर येथें म्हाइंभटांनीं तेराव्या शतकाच्या अखेरीस श्रीचक्रधरांच्या आठवणी अनेकांस विचारून 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. पुढें परचक्राच्या धामधुमींत मूळ प्रत नष्ट झाली व अनुयायांनीं ती स्मरणानें पुन्हां लिहिली, अशी महानुभाव परंपरा आहे. आज त्या ग्रंथाचे अनेक पाठ आढळतात. 'ज्ञानेश्वरी' १२९० सालची. नकला होतां होतां तींत अशुद्धें शिरलीं. एकनाथांनीं १५८४ सालीं तिची शुद्ध प्रत तयार केली आणि कोणीं तींत आपली ओवी घालूं नये, अशी ताकीदही दिली.

हें समजण्यास वर्गांत एक प्रयोग करावा. दहा ओळींचा उतारा एका मुलानें उतरावा, त्याची नक्कल पाहून दुसऱ्यानें, दुसऱ्याची पाहून तिसऱ्यानें. सातवी नक्कल मूळ उताऱ्याशीं ताडून पाहावी. गळलेलें अनुस्वार वा बदललेला शब्द सर्वांस दिसेल.

पालकांसही एक विनंती. करडीच्या पंचक्रोशींत कोणाच्या माळ्यावर रुमालांत बांधलेली पोथी किंवा मोडी कागद असतील. वाचतां येत नाहींत म्हणून ते वैनगंगेंत सोडूं नयेत, रद्दींतही घालूं नयेत. कोरड्या जागीं, स्वच्छ सुती कापडांत ठेवावे. तेलकट हात लावूं नये, फाटल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये. अशा हस्तलिखितांच्या नोंदीसाठीं व जतनासाठीं भारत सरकारनें २००३ सालीं राष्ट्रीय पांडुलिपि मिशन सुरू केलें, इतकें त्यांचें मोल आहे. आणि मुलांनो, ती पोथी कोणाची, घरांत कोठून आली, हें आजोबा-आजींस विचारून एका चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरांत लिहा व तिच्याजवळ ठेवा.