मुरमाचा उतार आणि पुढचा ब्रेक

लहानपणी सायकल शिकवताना घरातलं मोठं माणूस पहिली ताकीद देतं, "पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर आपटशील!" ही ताकीद बोटांत अशी मुरते की मोठेपणी डोंगरउतारावरही हात आपोआप मागच्याच ब्रेकवर जातो. तिथेच घात होतो. उतारावर बराचसा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं हलकं होतं. नुसता मागचा ब्रेक दाबला की ते चाक अडतं, मुरमावरून फरफटतं आणि सायकल आडवी होते. थांबवायची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. तो कचकन नाही, एका बोटाने हळूहळू जोर वाढवत दाबायचा, मागचा सोबतीला ठेवायचा. आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. सायकल मित्राची किंवा भाड्याची असेल तर हे पायथ्यालाच तपासा.

नाशिककरांना सायकलचं अप्रूप नाही. इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. पण लांब पल्ल्याचा दम वेगळा आणि घसाऱ्यावरून उतरण्याचं कसब वेगळं. दर रविवारी त्र्यंबक रस्त्यावर घाम गाळणाऱ्यांनीही ते पहिल्यापासून शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात पायी करा. ज्या वाटेने उतरायचं, तीच सायकल ढकलत चढा. आपल्या डोंगरांत कातळाचा टप्पा, मग मातीचा उतार, पुन्हा कातळ अशी रचना असते आणि मातीच्या उतारावर मुरूम साचतो. खाली वाकून मूठभर उचलून बघा. जोंधळ्याएवढे गोल खडे बोटांतून घरंगळतात, तसेच ते टायरखालूनही घरंगळणार. तिथे वळण असेल तर वेग वळणाच्या आधीच कमी करा आणि वळताना ब्रेक सोडून द्या. वळणात पुढचा ब्रेक दाबला की चाक पायाखालची फळी सरकावी तसं निघून जातं.

उतरण्यापूर्वी सीट तीन-चार इंच खाली घ्या. पेडल जमिनीला समांतर, टाचा किंचित खाली, गुडघे आणि कोपरं सैल. भार पायांवर, हात हलके. "जेवढं मागे तेवढं सुरक्षित" असं सांगणारे भेटतील. ते अर्धंच खरं आहे. फार मागे गेलं की पुढचं चाक जमीन धरत नाही आणि हँडल फिरवूनही सायकल वळत नाही. कातळाची पायरी आली तर ब्रेक तिच्या अलीकडेच मारून घ्या. चाक कडेवरून उतरताना पुढचा ब्रेक सुटलेला हवा. लहानपणीची ताकीद लागू पडते ती इथेच. पायरी चाकाच्या निम्म्या उंचीची दिसली, तर नवख्याने खुशाल उतरून चालावं.

टायरमध्ये हवा डांबरी रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवा. पण आत ट्यूब असेल तर फार कमी नको, दगड आणि रिमच्या मध्ये ती चिमटते. हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि गुडघ्यांची पॅड हवीतच. मुरमात घासलेला गुडघा धुताना एकेक खडा काढावा लागतो. एकट्याने जाऊ नका आणि रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक लक्षात असू द्या.

पावसाळ्यात शेवाळलेला कातळ टाळावाच. उन्हाळ्यात मुरूम सुटा होतो. पाऊस सरल्यावर, माती जरा ओलसर असते तेव्हाचे दिवस शिकायला उत्तम. नाशिकजवळचे आंजनेरी आणि बोरगड हे डोंगर संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. आंजनेरीच्या पठारावर 'सेरोपेजिया आंजनेरिका' ही दुर्मीळ वनस्पती उगवते. तिथे गाडीवाट सोडून चाक घालू नका, आणि भाविकांच्या पायऱ्यांवर तर मुळीच नको.

पाऊलवाटेवर समोरून गुरं आली तर सायकल डोंगराच्या अंगाला घेऊन थांबा. शेवटचं जनावर गेल्यावरही थोडं थांबा, कारण मागे राहिलेलं वासरू कळप गाठायला अचानक उधळत येतं.