समुद्रांतील शेवाळें आणि आपल्या घरचें मीठ

कळमनुरी तालुक्यांतील आपल्या डोंगरकड्याहून समुद्र शेंकडों मैल दूर आहे. पुष्कळ विद्यार्थ्यांनीं तो चित्रांतच पाहिला असेल. मग समुद्रांतील शेवाळांच्या रसायनशास्त्राशीं आपणांस काय करावयाचें आहे, असें कोणी म्हणेल. परंतु त्या शास्त्राचा एक धागा थेट आपल्या स्वयंपाकघरांतील मिठाच्या बरणीपर्यंत येऊन पोहोंचतो. म्हणून हा लेख मुलांबरोबर त्यांच्या आईवडिलांनींही वाचावा, अशी विनंति आहे.

फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन व आयोडीन हीं एकाच कुळांतील मूलद्रव्यें होत. धातूंशीं संयोग पावून तीं क्षार उत्पन्न करतात, म्हणून त्यांस हॅलोजन म्हणतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत क्षाररूपानें क्लोरीन सुमारें 19 ग्रॅम असतें, ब्रोमीन सुमारें 65 मिलिग्रॅम, आणि आयोडीन तर एका मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. कित्येक समुद्रवनस्पती व प्राणी हीं द्रव्यें पाण्यांतून वेंचून घेतात आणि आपल्या शरीरांत कार्बनास जोडतात. अशीं हॅलोजनयुक्त नैसर्गिक संयुगें आजवर पांच हजारांहून अधिक सांपडलीं आहेत. त्यांतील फार मोठा वांटा समुद्राचा आहे.

नीळ सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या रेणूंतील हायड्रोजनचे दोन अणु काढून त्यांच्या जागीं ब्रोमीनचे दोन बसविले, तर निळ्याचा जांभळा रंग होतो. भूमध्य समुद्रांतील म्यूरेक्स जातीच्या गोगलगाईंपासून प्राचीन लोक जो रंग काढीत, तो हाच. 1909 सालीं फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञानें 12,000 गोगलगाई खर्चीं घातल्या, तेव्हां त्यास अवघा 1.4 ग्रॅम रंग मिळाला. तो राजवस्त्रांनाच कां शोभला, हें यावरून कळेल!

शेवाळाचें प्रयोजन मात्र निराळें. त्यास ना दांत, ना नखें, ना पळावयास पाय. तें खडकास चिकटून राहतें, आणि माशांपासून सूक्ष्म जंतूंपर्यंत सर्वांस त्याचें भक्ष्य करावयाचें असतें. त्याच्या पेशींत व्हॅनेडियम धातु धारण करणारें एक विकर असतें; हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्यानें तें ब्रोमीनच्या क्षारास चेतवितें व कार्बनाशीं त्याचा संयोग घडवितें. हीच शेवाळाची ढाल व हेंच त्याचें शस्त्र. ऑस्ट्रेलियाजवळील डेलिसिया नांवाचें तांबडें शेवाळ तर जंतूंस मारीतही नाहीं. जंतु परस्परांस जे रासायनिक निरोप पाठवितात, त्यांत तें घोटाळा उत्पन्न करतें.

ॲस्परॅगॉप्सिस या दुसऱ्या तांबड्या शेवाळांत ब्रोमोफॉर्म असतो. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटांत जंतु मिथेन वायु तयार करतात. त्या क्रियेस ब्रोमोफॉर्म अडथळा आणतो. कॅलिफोर्नियांत गोऱ्ह्यांच्या चाऱ्यांत हें शेवाळ अल्प प्रमाणांत मिसळून केलेल्या एका प्रयोगांत हा वायु 80 टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचें 2021 सालीं प्रसिद्ध झालें. तथापि ब्रोमोफॉर्म प्रमाणाबाहेर गेल्यास अपायकारक आहे. ऐकीव माहितीवर आपल्या बैलांस कोणी असलें कांहीं चारूं नये. गोव्यांत दोनापावला येथें 1966 सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत आपल्या किनाऱ्यावरील शेवाळें व स्पंज यांचे अर्क काढून त्यांचे गुण तपासण्याचें काम झालेलें आहे.

आतां मिठाच्या बरणीकडे वळूं. 1811 सालीं कूर्त्वा या फ्रेंच गृहस्थास शेवाळाच्या राखेंतून जांभळी वाफ निघतांना दिसली; आयोडीनचा शोध तो हाच. पुढें 1896 सालीं ड्रेक्सेल यानें समुद्रपंख्याच्या जातीच्या एका पोवळ्यांत आयोडीनयुक्त संयुग शोधून काढलें. त्यांत टायरोसीन या अमिनो आम्लास आयोडीनचे दोन अणु जोडलेले असतात, असें मागाहून ठरलें. नवलाची गोष्ट ही कीं, हेंच संयुग आपल्या गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि तयार करते, आणि त्याच्या दोन रेणूंची सांगड घालून थायरॉक्सिन सिद्ध करते. समुद्रांतील पोवळें आणि डोंगरकड्याचें मूल, दोघांचीही रीत एकच!

फरक इतकाच कीं, पोवळ्याभोंवतीं समुद्र आहे; आपल्यास आयोडीन अन्नांतून मिळालें पाहिजे. तें न मिळाल्यास गलगंड होतो. तो डोळ्यांस दिसतो तरी. परंतु मातेस गर्भारपणीं आयोडीन फारच अपुरें पडल्यास मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते, ती हानि दिसत नाहीं व मागाहून भरून येत नाहीं.

येथें पुष्कळ घरीं एक गैरसमज आढळतो: खडे मीठ समुद्राचें, तेव्हां त्यांत आयोडीन असणारच. वस्तुतः मिठागरांतील मिठांत तें नाममात्र असतें, म्हणून निराळें मिसळावें लागतें. आयोडीनयुक्त मिठांत विक्रीच्या वेळीं दशलक्ष भागांस निदान 15 भाग आयोडीन असावें लागतें. म्हणजे एक ग्रॅम मिठांत 15 मायक्रोग्रॅम. प्रौढ मनुष्यास दररोज 150 मायक्रोग्रॅम लागतें. पैकीं मिठांतून किती मिळालें आणि दूध, अंडीं, मासे यांतून किती मिळावयास हवें, हा हिशेब मुलांनीं घरीं करून पाहावा. मीठ उघड्यावर, दमट जागीं किंवा चुलीजवळ ठेवल्यास त्यांतील आयोडीन हळूहळू कमी होतें. बरणीस घट्ट झांकण असावें, आणि भाजींत मीठ शेवटीं घालावें.