जुन्या मोटारींतील रेडिओ व त्याची खरखर

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आपल्या उपनगरांत एखादी जुनी फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी अद्यापि दृष्टीस पडते. या गाड्या आपणांस परक्या नव्हेत. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत, म्हणजे घाटकोपरच्या शेजारींच, त्या तयार झाल्या. चालू शतकाच्या आरंभीं पद्मिनी निघणें बंद झालें, आणि मुंबईंतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदतही ऑक्टोबर २०२३ मध्यें संपली. अर्थात् ज्या घरीं अशी गाडी आहे, तेथें तिचा प्रत्येक मूळ भाग जपून ठेवण्याजोगा झाला आहे.

अशा गाडींतील रेडिओ लावावा, तों गाण्याऐवजीं खरखरच ऐकूं येते, ही नेहमींची तक्रार होय. पुष्कळ लोक कंटाळून मूळ रेडिओच काढून टाकतात. परंतु दोष बहुधा रेडिओंत नसून गाडींत असतो. तो कसा शोधावा, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम कारण पाहूं. पेट्रोलच्या इंजिनांत इग्निशन कॉइल बॅटरीचा १२ व्होल्टांचा दाब अनेक हजार व्होल्टांपर्यंत चढविते व त्यायोगें प्लगांत ठिणगी पडते. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास १,५०० फेरे करीत असेल, तर दर फेऱ्यास दोन याप्रमाणें सेकंदास ५० ठिणग्या होतात. ठिणगीपासून विद्युच्चुंबकीय लहरी निघतात, हें हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें १८८७ च्या सुमारास प्रयोगानें दाखविलें. मार्कोनीचे आरंभींचे बिनतारी संदेशही ठिणग्यांच्याच साह्यानें गेले. तेव्हां जुनी मोटार म्हणजे एक फिरतें प्रक्षेपण-केंद्रच म्हणावयाचें! मध्यम लहरींच्या प्रक्षेपणांत लहरीची उंची कमीअधिक करून आवाज वाहून नेतात. ठिणगीही त्या उंचींतच ढवळाढवळ करते, म्हणून तेथें खरखर फार. एफ. एम. मध्यें लहरीची कंपनसंख्या बदलते, म्हणून तेथें ती कमी.

आतां परीक्षा. ती वडील माणसाच्या देखत, मोकळ्या जागेंत करावी. बंद गॅरेजमध्यें इंजिनाचा धूर प्राणघातक होतो. फिरता पंखा, पट्टा व प्लगांच्या तारा यांपासून हात दूर ठेवावा.

पहिली परीक्षा : इंजिन बंद ठेवून रेडिओ ऐकावा. खरखर तशीच राहिली, तर तिचें मूळ बाहेर आहे. रेल्वेच्या वरच्या तारेवरील ठिणग्या, ट्यूबलाइट, किंवा मोबाइलचा चार्जर हे तिचे नेहमींचे जनक होत. गाडी थोडी दूर नेऊन पुन्हां ऐकावें.

दुसरी परीक्षा : इंजिन चालू करावें. वेगाबरोबर वाढणारी टकटक ठिणग्यांची असते; वेगाबरोबर चढणारा ‘सूं’ असा स्वर डायनॅमोचा असतो. रेडिओ किल्लीवर अवलंबून नसेल, तर उभ्या गाडींत इंजिनाचा वेग वाढवून किल्ली बंद करावी. टकटक तत्क्षणीं थांबते. डायनॅमोचा स्वर मात्र इंजिन थांबेपर्यंत उतरत जातो.

तिसरी परीक्षा : एरियलची तार रेडिओंतून काढावी. आवाज गेला, तर तो एरियलमधून येतो; राहिला, तर विजेच्या तारेंतून. खड्ड्यांतून जातांनाच खरखर होत असेल, तर कोठें तरी जोड सैल आहे असें समजावें.

उपायांतही क्रम असावा. आधीं बिनखर्चाचा उपाय : एरियलच्या बुडाशीं गंज चढला असल्यास तो खरडून काढावा व तें बूड गाडीच्या पत्र्यास घट्ट बसवावें. ठिणगीचा दोष असल्यास प्लगांच्या तारांत ५ ते १० हजार ओहमांचे अवरोध असलेल्या टोप्या बसवाव्या. कॉइलच्या बॅटरीकडील टोकास सुमारें १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडून त्याचें दुसरें टोक पत्र्यास लावावें. कॉइलच्या दुसऱ्या, डिस्ट्रिब्यूटरकडील टोकास तो कदापि जोडूं नये. ठिणगी मंदावून इंजिन अडखळूं लागतें. डायनॅमोचा दोष असल्यास त्याच्या मुख्य टोकास तसाच कंडेन्सर लावावा, फील्डच्या टोकास नव्हे.

सामान शोधतांना हीच सावधगिरी हवी. कंडेन्सर व अवरोध लॅमिंग्टन रोडवर मिळतात. जुने सुटे भाग कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर किंवा चोर बाजारांत पाहावे. जातांना गाडीचें साल व नमुना कागदावर लिहून न्यावा, आणि शक्य तर जुना भागच हातांत असावा. जुना रेडिओ घेतांना दोन प्रश्न अवश्य विचारावे : तो ६ व्होल्टांचा कीं १२ चा? बॅटरीचें कोणतें टोक पत्र्यास जोडलेल्या गाडीसाठीं तो केलेला आहे? पुष्कळ जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक पत्र्यास असे. फियाटमध्यें ऋण असतें. उलट जोडणी झाली, तर ट्रान्झिस्टरचा रेडिओ क्षणांत जळून जातो.

विद्यार्थिमित्रांनो, ज्या वस्तूंचा कारखानाच उरला नाहीं, त्यांचा उतावळेपणानें फेकून दिलेला भाग सहसा परत मिळत नाहीं. म्हणून आधीं कान, मग हात आणि सर्वांच्या शेवटीं खिसा, हा क्रम कोणत्याही यंत्राच्या बाबतींत ध्यानांत ठेवावा.