थांबलेला ऊस आणि थांबलेला कागद



तोडलेला ऊस गाडीतळावर पडून राहिला की काय होतं, हे आम्ही तुम्हांला शिकवायला नको. वजन घटतं ते तुमचं, आणि उतारा घटतो तोही शेवटी तुमचाच. तोडल्यावर उसातली पक्की साखर हळूहळू फुटते, तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. चवीला ते गोडच, पण पॅनमध्ये त्याचा दाणा धरत नाही. म्हणून तर तोडीनंतर २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा, असा आपला आग्रह असतो.

कारखान्यात आणखी एक माल असाच पडून राहतो. तो म्हणजे कागद. त्याला वजनकाटा नाही, त्यामुळे त्याची घट कुणाला दिसत नाही.

मागच्या बिगरहंगामात आम्ही एका अर्जाचा माग काढला. एका भगिनीचे पती वारले. भाग त्यांच्या नावावर, उसाची नोंदही त्यांच्याच नावावर. बाईंनी वारस म्हणून नाव लावण्याचा अर्ज दिला. अर्ज शेअर्स विभागात आला, तिथून येणे-बाकी पाहायला शेतकी खात्यात गेला, तिथून हिशेब खात्यात. हिशेब खात्याने एक दाखला कमी आहे म्हणून परत पाठवला. दाखला आला तोवर त्या महिन्याची सभा होऊन गेली होती. एकूण ५७ दिवस लागले. आम्ही प्रत्येक टेबलावर जाऊन विचारलं, "तुमच्याकडे या कागदाचं प्रत्यक्ष काम किती होतं?" सगळ्यांची बेरीज दोन तासही भरली नाही. बाकीचा सगळा वेळ कागद ट्रेमध्ये पडून होता. बाई तेवढ्यात तीनदा येऊन गेल्या. तीन दिवसांचा खाडा आणि एसटीचं भाडं. उसाचं राहिलेलं बिल नावापायी अडकलं, ते वेगळंच. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ ने उसाच्या बिलाला १४ दिवसांची मुदत घालून दिली. नावाच्या कागदाला आमच्या दप्तरात कुणी मुदत लिहिलेलीच नव्हती.

यात एकही माणूस कामचुकार नव्हता, हे आधीच सांगतो. प्रत्येकाने आपापलं काम बरोबर केलं होतं. चुकीची होती ती वाट.

ही वाट तपासण्याचं एक शास्त्र आहे. इंग्रजीत त्याला 'लीन' व्यवस्थापन म्हणतात. आपल्याकडे लीन म्हणजे नम्र. तिकडे लीन म्हणजे सडसडीत, अंगावर फाजील मांस नसलेला. हे नाव १९८८ साली जॉन क्राफसिक यांनी एका लेखात वापरलं आणि रुळलं. पण पद्धत त्याच्या कितीतरी आधीची, जपानच्या टोयोटा मोटार कारखान्यातली, आणि तिचा मुख्य कर्ता ताइची ओनो. महायुद्धानंतर जपानकडे भांडवल अपुरं होतं, माल साठवून ठेवणं परवडणारं नव्हतं. ओनोंनी अमेरिकेतल्या सुपरमार्केटची रीत उचलली : फळीवरून जेवढा माल गिऱ्हाईक नेईल तेवढाच मागून भरायचा. जे काम गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं नाही त्याला जपानीत 'मुदा' म्हणतात, म्हणजे वाया गेलेलं. ओनोंनी असे सात प्रकार सांगितले. वाट पाहणं, उगाच ने-आण, नको तेवढा साठा, नको ती हालचाल, नको तेवढी प्रक्रिया, सदोष माल, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गरजेपेक्षा जास्त उत्पादन, कारण बाकीचे सहा त्याच्या पोटातून जन्मतात.

हा शेवटचा प्रकार आपल्याला लागू नाही असं वाटेल. पण गाडीतळ भरलेला दिसला की आपल्याला बरं वाटतं की नाही? गव्हाणीला झेपेल त्याहून जास्त ऊस एका दिवसात तोडला, तर ते जास्त उत्पादनच झालं. मग गाड्यांची रांग, बैलांचे हाल आणि वाळलेला ऊस. अर्थात इथे ओनोंचं सगळं ऐकून चालणार नाही. तोड दिवसा होते आणि गाळप रात्रीही चालतं, तेव्हा रात्रीपुरता ऊस तळावर हवाच. ऊस नाही म्हणून मिल थांबली तर वाफ आणि इंधन फुकट जातं. रात्रीपुरता किती, एवढं ठरवणं हेच खरं काम.

हे झालं कारखान्याचं. सरकारी कचेरीत याचा काय उपयोग, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर आपल्याच साखरपट्ट्यात आहे. ज्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्या अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात ऐंशीच्या दशकात अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. लीन हा शब्द अजून कुणाला माहीत नव्हता. लखिनांनी नवी माणसं मागण्यापासून नव्हे, तर दप्तरापासून सुरुवात केली. कोणता कागद कायम ठेवायचा, कोणता ३० वर्षं, आणि कोणता वर्षभरात काढून टाकायचा, याचे अ, ब, क, ड वर्ग नियमात होतेच. पण कुणी ते पाळत नव्हतं, आणि ड वर्गाच्या ढिगाखाली अ वर्गाचा कागद सापडत नव्हता. ते सगळं लावून घेतलं, नको ते काढलं, बसण्याची जागा आणि कामाची वाटणी नीट केली. पुढे 'लखिना पॅटर्न' म्हणून ही पद्धत गाजली. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करण्याची रीत महाराष्ट्राच्या कचेऱ्यांत शिकवतात, ती याच वळणाची आहे. त्यातला 'प्रतीक्षाधीन' हा गठ्ठा आम्हांला फार आवडला : दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबलेले कागद वेगळे दिसले पाहिजेत, म्हणजे स्मरणपत्र कुणाला द्यायचं ते कळतं.

उलटंही घडतं. ब्रिटनच्या कर खात्याने २००६ च्या सुमारास लीन पद्धत आणली. न्यूकॅसलजवळच्या लाँगबेंटन कचेरीत टेबलावर पेन आणि स्टेपलर कुठे ठेवायचं याच्या पट्ट्या चिकटवल्या. टेबलावरचं केळं 'चालू' आहे की 'बंद', असं विचारल्याची तक्रार कर्मचाऱ्यांनी केली, आणि २००७ साली वर्तमानपत्रांत त्याचं हसं झालं. मोटार कारखान्यात हत्यार जागेवर ठेवतात ते चटकन हाताला लागावं म्हणून. तो हेतू सोडून नुसती पट्टी उचलली, की माणसं चिडणारच. लीन म्हणजे नोकरकपात, हा समजही अशाने पसरतो. आपल्या कामगार बंधूंनाही ती शंका आली होती. आम्ही सांगितलं, कमी करायचं आहे ते बाईंच्या खेपा.

तर आम्ही काय केलं? तिन्ही खात्यांचे शेरे एकामागून एक घेण्याऐवजी एकाच दिवशी घ्यायला सुरुवात केली. लागणाऱ्या दाखल्यांची यादी अर्जाबरोबरच हातात देतो. कागद कोणत्या टेबलावर कधी आला आणि कधी गेला, ते त्याच्या पाठीवर लिहितो. हे तर फुकटच आहे. पुढच्या चार अर्जांपैकी तीन १५ दिवसांच्या आत सभेपुढे गेले. चौथा अडकला आहे. दोघा भावांची संमती नाही, आणि त्यावर टोयोटाकडेही औषध नसावं.

आणखी एक गोष्ट माग काढताना ध्यानात आली. त्या बाईंच्या पतीने हयातीत नामनिर्देशन केलं असतं, तर निम्मे कागद लागलेच नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३० मध्ये ती सोय आहे. सभासद नोंदवही चाळली, तर अनेकांच्या नावापुढचा तो रकाना कोरा निघाला. नमुना प्रत्येक गट ऑफिसात ठेवला आहे. येताना भागाचा दाखला आणि दोन साक्षीदार आणावेत. तोडणी सुरू झाली की कुणालाच वेळ नसतो, तेव्हा मोळी पडायच्या आधी यावं.