मेंदू व मज्जासंस्थेची तपासणी : नातेवाइकांच्या माहितीसाठी

रुग्णांच्या नातेवाइकांच्या शंकांचे निरसन करणे हा रुग्णालयीन प्रशासनाचा नित्याचा भाग आहे. मेंदूविकाराच्या रुग्णांबाबत दोन शंका हमखास विचारल्या जातात. ‘हातोडीने गुडघा ठोकत बसण्यापेक्षा थेट एमआरआय का काढत नाही?’ ही पहिली. आणि ‘डॉक्टर रुग्णाला सोडून आम्हालाच इतके प्रश्न का विचारतात?’ ही दुसरी. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलू शकत नाही. तथापि तज्ज्ञांकडून समजून घेतलेले सुबोध शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

मज्जासंस्थेच्या विकारात प्रथम शोधावयाचे असते ते विकाराचे स्थान : मेंदू, मज्जारज्जू, मज्जातंतू की स्नायू? ताळेबंद जुळेनासा झाला की जाणता हिशेबनीस सगळ्याच वह्या उपसत नाही. फरक कोणत्या खात्यात आहे हे आधी ठरवतो. यंत्राने जेथील चित्र घ्यावे तेथीलच ते दाखवते. दोन्ही पाय लुळे पडलेल्या रुग्णाच्या मेंदूचा एमआरआय काढला आणि दोष पाठीच्या मज्जारज्जूत असला, तर अहवाल ‘निर्दोष’ येतो, पैसे खर्च होतात आणि रुग्ण आहे तेथेच राहतो.

येथे ती हातोडी उपयोगी पडते. गुडघ्याखालच्या शिरेवर हलका आघात करताच पाय उडतो, ही प्रतिक्षिप्त क्रिया. मेंदूकडून येणारा मार्ग बिघडला असेल तर कालांतराने ती अतिरेकी होते. मज्जातंतू बिघडले असतील तर मंदावते किंवा नाहीशी होते. तळपायाच्या बाहेरील कडेने टोकदार वस्तू ओढली असता प्रौढ माणसाचा अंगठा खाली वळतो. तो वर उचलला गेला तर मेंदू वा मज्जारज्जूतील मार्गात बिघाड संभवतो. पॅरिस येथील डॉ. बाबिन्स्की यांनी 1896 साली हे लक्षण वर्णिले. आजही त्यासाठी एखादी किल्ली पुरते. तान्ह्या बाळाचा अंगठा मात्र स्वभावतःच वर जातो, त्याने घाबरून जाऊ नये.

2025 च्या आरंभी पुण्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. या विकारात अशक्तपणा बहुधा पायांपासून सुरू होऊन वर चढतो आणि प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात वा नाहीशा होतात. काही रुग्णांचे श्वसनाचे स्नायूही दुबळे होतात. म्हणून ‘केवळ पायात मुंग्या येतात’ असे म्हणणाऱ्या रुग्णासही दाखल करून घेतले जाते. ही सावधगिरी बिल वाढवण्यासाठी नसते.

तोंड वाकडे होणे हे असेच एक लक्षण. डॉक्टर रुग्णास भुवया उंचावण्यास सांगतात. ओठाचा कोपरा लोंबतो, पण कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतात, तेव्हा दोष बहुधा मेंदूत असतो. त्याच बाजूचे कपाळही हलत नाही, डोळा मिटत नाही, तेव्हा चेहऱ्याच्या मज्जातंतूचा विकार अधिक संभवतो. यास अपवाद आहेत. घरच्या घरी निदान करून थांबू नये.

आता दुसरी शंका. पक्षाघाताचा रुग्ण येताच ‘यांना शेवटचे ठणठणीत केव्हा पाहिले?’ असे विचारतात. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रुग्ण झोपेतून उठतानाच लुळा आढळला, तर वेळ जाग आल्यापासून नव्हे, तर झोपी जाण्यापूर्वी तो शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात. घड्याळाकडे पाहिलेला एक नातेवाईक येथे फार मोलाचा ठरतो. मात्र गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाह्य तपासणीने खात्रीने सांगता येत नाही. तेथे सीटी स्कॅन अनिवार्यच. म्हणून घरी ॲस्पिरिन देऊ नये, आणि गिळण्याची शक्ती तपासली जाईपर्यंत पाणीही पाजू नये. लक्षणे दहा मिनिटांत ओसरली तरी रुग्णास आणावे; मोठ्या झटक्याची ती पूर्वसूचना असू शकते.

आकडी डॉक्टरांसमोर क्वचितच येते. पाहणारा घरचाच असतो. त्या वेळी तोंडात चमचा घालणे, कांदा वा चप्पल हुंगवणे हे प्रकार आजही घडतात. त्यांचा उपयोग शून्य, आणि चमच्याने दात तुटतो तो वेगळा. रुग्णास कुशीवर वळवावे, वेळ नोंदवावी आणि शक्य तर मोबाइलवर चित्रीकरण करावे. आकडी पाच मिनिटांहून अधिक चालली किंवा शुद्ध न येता पुन्हा आली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. आयुष्यात कधीही झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी अकस्मात उद्भवली, तरीही हेच करावे.

‘चक्कर’ हा शब्द तर डॉक्टरांची परीक्षा पाहणारा. कोणास घर फिरते, कोणाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, कोणाचा चालताना तोल जातो. तिन्हींची कारणे निरनिराळी असतात. तेव्हा तो शब्द न वापरता नेमके काय होते ते सांगावे.

अशा सविस्तर तपासणीस अर्धा तास सहज लागतो. देणगीतून आलेल्या यंत्रावर नामफलक लावता येतो, या अर्ध्या तासावर लावता येत नाही. बाह्यरुग्ण विभागातील रांगेविषयी विचारणा करताना विश्वस्त महोदयांनी हे ध्यानी घ्यावे, ही विनंती. नातेवाइकांनी येताना सर्व औषधे, जुने अहवाल, रुग्णाचा चष्मा आणि प्रत्यक्ष घटना पाहिलेली व्यक्ती सोबत आणावी.