बाळंतपण : मातेचे हृदय आणि मज्जासंस्था

‘बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म’ असे आपल्याकडील वडीलधाऱ्या स्त्रिया म्हणत आल्या आहेत. आपल्या हैदराबादेत या वचनाची साक्ष देणारी वास्तूच उभी आहे. १९४९ साली राजकन्या निलोफर यांची एक दासी प्रसूतीत दगावली. त्या दुःखातून १९५३ साली निलोफर रुग्णालय सुरू झाले. आज प्रसूती पुष्कळ सुरक्षित झाली आहे. तथापि धोका बाळ जन्मताच संपतो, हा समज मात्र खरा नाही.

गरोदरपणात मातेच्या हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारे रक्त ३० ते ५० टक्क्यांनी वाढते. प्रसूतीच्या प्रत्येक कळेबरोबर गर्भाशयातील सुमारे ३०० ते ५०० मिलिलिटर रक्त अभिसरणात लोटले जाते. बाळ बाहेर येताच मोठ्या नीलेवरील दाब सुटतो आणि रक्ताचा ओघ एकाएकी हृदयाकडे धाव घेतो. निरोगी हृदय हा भार सोसते. पण संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेली असेल, तर नेमक्या याच घटकेला फुफ्फुसात पाणी भरू शकते.

मज्जासंस्थेवरील ताणही कमी नसतो. रक्तदाब वाढून येणारे एक्लॅम्पसियाचे झटके प्रसूतीनंतरही येऊ शकतात. मॅग्नेशियम सल्फेट हे त्यावरील प्रभावी औषध आहे. शिवाय या काळात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. अशा वेळी बाळंतिणीला पाणी बेताने देण्याची जुनी रीत घातक ठरते, कारण मेंदूच्या नीलेत गुठळी होण्याचा धोका त्याने वाढतो. शेक, डिंकाचे लाडू खुशाल असू द्यावेत. पाणी मात्र तोडू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारे रडू बहुधा आपोआप ओसरते. परंतु दोन आठवड्यांनंतरही उदासी टिकली, तर तो आजार समजावा.

येथे एक कबुली देणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी काचीगुड्यातील माझ्या दवाखान्यात एक आई तीन आठवड्यांचे बाळ घेऊन आली. बाळ उत्तम होते. निघताना सासूबाई सहज म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, हिला आडवे पडले की धाप लागते. रात्रभर भिंतीला टेकून बसते.’’ जागरणाचा शीण असेल, असे समजून मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. दोन दिवसांनी ती अतिदक्षता विभागात दाखल झाली. प्रसूतीच्या सुमारास हृदयाचे स्नायू दुर्बल होण्याचा तो आजार होता. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यापासून प्रसूतीनंतर पाच महिन्यांपर्यंत तो उद्भवू शकतो. सुदैवाने ती वाचली. माझ्यासमोर बसलेल्या दोन जिवांपैकी मी एकच तपासला होता, ही खंत मात्र कायम राहिली.

प्रसूतीनंतरच्या आठवड्यांत मातेची भेट स्त्रीरोगतज्ज्ञांपेक्षा आम्हा बालरोगतज्ज्ञांशीच अधिक होते. म्हणून तेव्हापासून प्रत्येक आईला मी तीन प्रश्न विचारतो : आडवे झाल्यावर धाप लागते का? डोके फार दुखते किंवा डोळ्यांपुढे अंधारी येते का? मन कशातच लागत नाही, असे होते का? आणि तिचा रक्तदाबही मोजतो.

या सर्वांस दोन मिनिटे पुरतात. माझ्या व्यवसायबंधूंना व घरोघरच्या वडीलधाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे, की बारशाच्या गडबडीत बाळाकडे कौतुकाने पाहताना क्षणभर त्याच्या आईकडेही पाहावे.