हात, वस्तू आणि शब्द : रायपूरच्या संदर्भात बालवाडीतील खेळसाधनांचा भाषिक विचार

शिशुशिक्षणावरील लेखन साहित्याच्या अभ्यासकांकडे सहसा येत नाही. ते शिक्षणशास्त्राच्या कपाटात जाते आणि तेथेच राहते. या वाटणीने भाषेच्या अभ्यासाचे नुकसान झाले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तीन ते सहा वर्षांचे मूल एखादी वस्तू हाताळते तेव्हा तिचे वजन, तिचा खरखरीतपणा, तिचा आवाज आणि तिचे नाव या चारही गोष्टी त्याच्याकडे एकदमच येतात. नाव कोणत्या भाषेतून यावे हा प्रश्न एकभाषिक घरात उद्भवत नाही. रायपूरसारख्या नगरात, जेथे मूल घरी मराठी, शाळेत हिंदी आणि अंगणात छत्तीसगढी ऐकते, तेथे तो रोजचा आहे.

प्रथम 'बालवाडी' आणि 'अंगणवाडी' या शब्दांकडेच पाहावे. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरच्या दक्षिणामूर्तीत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५६-५७ च्या सुमारास हे कार्य डहाणू तालुक्यातील (आता पालघर जिल्हा) कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. मुले शाळेकडे येत नाहीत असे दिसल्यावर शिक्षिकांनी मुलांच्या अंगणात जाऊन तेथे शाळा भरविली. गुरांमागे कुरणात जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. 'अंगण' हा शब्द येथे अलंकार नव्हे, तो पत्ता होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि हिंदी प्रदेशात 'आंगनबाड़ी' हा शब्द सर्वतोमुखी झाला. मराठी 'वाडी'त वस्तीही आहे आणि बागही. छत्तीसगढीत 'बारी' म्हणजे घरामागचा भाजीचा मळा. तेव्हा छत्तीसगढी आईच्या कानाला 'आंगनबाड़ी'त अंगण आणि परसू ही घराची दोन्ही तोंडे ऐकू येत असावीत. सरकारी योजनेच्या नावाला असे भाग्य क्वचितच लाभते.

कोसबाडच्या प्रयोगाचे महत्त्व सांगताना 'माँटेसरीची स्वस्त आवृत्ती' असा शब्दप्रयोग केला जातो. तो अपुरा आहे. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साधनांचा गाभा असा की एका साधनात एकच गुण वेगळा काढावा. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे रंगाने व आकाराने सारखे, भेद केवळ मापाचा, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत. या शिस्तीचे मोल कमी लेखू नये. मूल आपली चूक आपणच पाहते, ही त्यातील थोर गोष्ट होय. परंतु असा ठोकळा मुलाच्या घरात कोठेही नसतो. त्याला आजीने दिलेले नाव नसते, त्याच्याभोवती गाणे नसते. कोसबाडला बिया, पाने, खडे, शिंपले आणि माती ही साधने झाली तेव्हा खर्च वाचला हे खरेच. पण त्याहून महत्त्वाचे हे की ही साधने आपापली नावे घेऊनच वर्गात आली. वारली मुलाला चिंचोका माहीत होता. शिक्षिकेने त्याला चिंचोके मोजणे दाखविले. ज्ञात वस्तूवर अज्ञात क्रिया, हा तो क्रम होय.

आता रायपूरकडे येऊ. छत्तीसगढचा मराठीशी संबंध अठराव्या शतकातील नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासूनचा आहे. १९५६ पर्यंत हा प्रदेश आणि विदर्भ एकाच प्रांतात, नागपूर राजधानीखाली होते. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच भूमीत वावरले. रायपूरच्या मराठी घरांत आजही दोन पंचांगांचा गोड घोटाळा चालतो : पोळ्याची अमावास्या घरी श्रावणाची, शेजारी भादोंची. दिवस मात्र एकच. छत्तीसगढीत या सणाचे नाव 'पोरा', जो शब्द मराठी मूल आईच्या तोंडून हाक म्हणून ऐकत असते.

पोराच्या सुमारास येथील बाजारात कुंभारांची खेळणी येतात. नांदिया बैल, म्हणजे मातीच्या चार चाकांवर चालणारा, दोरीने ओढायचा बैल; आणि स्वयंपाकाचा संच, त्यात चूल, भांडी आणि जांता. बालवाडीच्या दृष्टीने हा संच म्हणजे आयती साधनपेटी आहे. आमच्या मते शिक्षिकेने तो पूजेनंतर कपाटात न ठेवता आठवडाभर मुलांच्या हाती द्यावा. पहिल्या दिवशी काहीच शिकवू नये; मुले काय म्हणतात ते लिहून घ्यावे. मराठी घरातले मूल 'जातं' म्हणेल, छत्तीसगढी मूल 'जांता', आणि फ्लॅटमध्ये वाढलेले मूल, ज्याने ती वस्तू कधी पाहिली नाही, बहुधा 'चक्की' म्हणेल किंवा गप्प बसेल. या गप्प मुलाकडे लक्ष ठेवावे. दुसऱ्या दिवशी जात्यात कोरडी माती किंवा तांदळाचे दाणे घालून फिरवू द्यावे. येथे मनगट गोल फिरते, आणि हीच हालचाल पुढे अक्षरांच्या वळणाला लागते. खेळातल्या जात्यातून पीठ पडत नाही हे मुलाच्या लवकरच ध्यानात येते. मग खरे दगडी जाते मिळाल्यास आणावे आणि दोघांनी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालावा. एकाने ओढल्यावर दुसऱ्याने सोडावे लागते, नाहीतर पाळी अडते. सहकार्याचा धडा यापेक्षा थोडक्यात सांगता येत नाही. पीठ चाळावे, जाडे आणि बारीक वेगळे करावे, बोटांनी ओळखावे, शेवटी डोळे मिटून ओळखावे. माँटेसरींना स्पर्शाच्या पाट्यांतून जे साधायचे होते ते येथे होतेच, शिवाय 'जाडं', 'मोटहा', 'मोटा' हे तीन शब्द एकाच चिमटीवर येऊन बसतात.

शिक्षिकेची खरी कसोटी याच क्षणी आहे. 'जांता नव्हे, चक्की म्हण' अशी दुरुस्ती तिने केली तर हाताने मिळविलेले ज्ञान नाव गमावते. मूल बंड करीत नाही. ते फक्त पुढच्या वेळी बोलत नाही. २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात घरच्या भाषेचा पुरस्कार स्पष्टपणे केला आहे, परंतु आराखडा वर्गात हजर नसतो. तिन्ही नावे फळ्याऐवजी तोंडी, एकामागून एक घ्यावीत आणि प्रत्येक मुलाने आपल्या शेजाऱ्याचे नाव उच्चारावे. मराठी मुलाला 'जांता' म्हणताना हसू येईल, येऊ द्यावे.

याच ठिकाणी एक आक्षेप विचारात घेणे अगत्याचे आहे. परंपरेत बैल मुलग्यांचा आणि जांता-चूल मुलींची. बालवाडीने ही वाटणी निमूटपणे पुढे चालवू नये. बैल ओढण्यात तोल आणि दिशा आहे, दळण्यात मनगट आणि धीर आहे; दोन्ही दोघांना हवीत. लोकसंस्कृती वर्गात आणायची म्हणजे तिची प्रत्येक सवय आणायची असे नव्हे.

तुलनात्मक अभ्यासकाला अधिक रस वाटेल तो हातांच्या खेळांत. मराठीतील 'अटक मटक' आणि छत्तीसगढीतील 'अटकन बटकन' हे दोन्ही खेळ पालथ्या हातांचे, ठेक्याचे आणि निरर्थक अक्षरांचे. कोणी कोणाकडून घेतला हे ठरविण्याची घाई करू नये; अशी अक्षरमाला सीमा ओळखत नाही. शिक्षणाच्या अंगाने पाहता, ठेका आणि हात यांची एकास एक जोडी लावणे ही मोजणीची पूर्वतयारी होय, आणि ती येथे अंक न उच्चारता होते. 'भोवरा' आणि 'भौंरा' यांचे नाते तर उघडच आहे. 'फुगडी'चे मात्र तसे नाही. मराठी मूल हा शब्द ऐकताच जोडीदाराचे हात धरून उभ्याने गिरकी घेऊ लागते. छत्तीसगढी 'फुगड़ी' उकिडवे बसून, पाय आलटूनपालटून मागेपुढे करीत खेळतात. महाराष्ट्रात बसफुगडी आहे, पण नुसत्या 'फुगडी'ने ती सुचत नाही. शिक्षिकेने 'चला, फुगडी खेळू' म्हणावे आणि निम्म्या मुलांनी उभे राहावे, निम्म्यांनी बसावे! कोशात एक ठरणारा शब्द शरीरात दोन निघतो. अर्थभेदाचा असा जिवंत पाठ पदव्युत्तर वर्गातही मिळत नाही. छत्तीसगढ शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या छत्तीसगढिया ऑलिंपिकमध्ये फुगड़ी आणि भौंरा यांना स्पर्धेचे स्थान मिळाले. स्पर्धेपूर्वीचे निरुद्देश खेळणे मात्र बालवाडीचेच राहिले पाहिजे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षे वयोगटासाठी 'जादुई पिटारा' ही खेळसाधनांची पेटी राष्ट्रीय पातळीवर सादर झाली. कोडी, बाहुल्या, चित्रपत्ते असा तिचा ऐवज आहे. अशा पेटीला विरोध करण्याचे कारण नाही. ज्या खोलीत काहीच नाही तेथे ती मोठीच गोष्ट ठरेल. अडचण तिच्या टिकाऊपणातच आहे. जे साधन नोंदवहीत चढते ते मोडू नये म्हणून जपले जाते, आणि जपलेले साधन मुलांच्या हाती कमी पडते. पोराची खेळणी कोणत्याही नोंदवहीत नसतात. नागपूरकडच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल पिढ्यान्‌पिढ्या फळीवर उभा राहू शकतो, पण येथील मातीचा नांदिया दसऱ्यापर्यंत एखादे चाक गमावतोच. सणाच्या दिवशी संध्याकाळी तर मुली व स्त्रिया गावाबाहेर जाऊन मातीचे पोरे आपटून फोडतात. त्याला 'पोरा पटकना' म्हणतात. पुढच्या वर्षी कुंभार नवे करतो, आणि नव्या मुलांना त्यांची नावे पुन्हा पहिल्यापासून विचारावी लागतात.